शंभरातल्या पासष्टांना गुण आला, तरी इंजेक्शन नापास

२०१९ मध्ये तेझेपेलुमाब नावाच्या इंजेक्शनच्या एका चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. मध्यम ते तीव्र इसब असलेल्या प्रौढ माणसांना हे इंजेक्शन देऊन १२ आठवड्यांनी तपासलं, तेव्हा १०० पैकी साधारण ६५ जणांचा इसब निम्म्यानं किंवा त्याहून जास्त ओसरला होता. एवढाच आकडा कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला असता, तर घरात इसबाचा पेशंट असलेल्या कितीतरी जणांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला असता. चाचणी करणाऱ्यांनी मात्र याला यश म्हटलं नाही. त्याच चाचणीत आणखी एक गट होता. त्यांनाही तशीच सुई टोचली जात होती, फक्त सिरिंजमध्ये औषध नव्हतं. त्या गटात गुण आलेल्यांचं प्रमाण होतं १०० त ४८.

दोन्ही गटांना स्टिरॉइडचं मलम दिलेलं होतं, त्यामुळे नुसत्या मलमावरही निम्म्या लोकांना आराम पडला होता. राहिला फरक १७ चा. दोन्ही गट मिळून माणसं शंभराच्या थोडीच वर होती. औषधात काही दम नसता, तरी निव्वळ नशिबानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता १०० त ९ इतकी निघाली. ती १०० त ५ पेक्षा कमी असावी असा या क्षेत्रातला रिवाज आहे. तेवढ्यानं औषध मागे पडलं. पुढे हेच इंजेक्शन दम्यावर उपयोगी ठरलं आणि २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला दम्यासाठी मंजुरीही मिळाली, पण इसबाच्या त्या परीक्षेत ते पास झालं नाही.

म्हणून मला पहिल्यापासून एकच गोष्ट सांगायची आहे. नव्या औषधाची बातमी वाचताना औषध मिळालेल्या गटाचा आकडा नंतर बघा. आधी खोटी सुई मिळालेल्या गटाचं काय झालं ते शोधा. बातमीत ते नसेल, तर त्या बातमीवरून काहीही ठरवू नका.

पास झालेल्या औषधाची गोष्ट आता सविस्तर बघू. त्याचं नाव डुपिलुमाब. प्रौढांमधल्या इसबासाठी अमेरिकेत मंजूर झालेलं या प्रकारचं हे पहिलं इंजेक्शन, आणि त्याच्या चाचण्या नीट समजल्या की बाकीच्या समजायला सोप्या जातात.

आजार नेमका काय आहे

इथे आपण ज्या इसबाबद्दल बोलतोय त्याला डॉक्टर अ‍ॅटॉपिक डर्मटायटिस म्हणतात. कोपराच्या आत, गुडघ्यामागे, मानेवर, पापण्यांवर, मनगटावर चट्टे उठतात. खाज अशी की रात्री झोपेत खाजवून चादरीला रक्ताचे डाग पडतात. खाजवलं की कातडी सोलवटते, पाणी सुटतं, वर खपली धरते आणि महिनोन्महिने हे चालू राहिलं की ती जागा जाड, काळपट आणि खरखरीत होते. घरात बऱ्याचदा दमा किंवा सर्दीची अ‍ॅलर्जी असलेलं कुणीतरी असतं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण अजूनही इसब असलेल्या माणसाचा टॉवेल वेगळा ठेवला जातो, लग्न जमवताना बाही ओढून हात झाकले जातात.

‘लहानपणी असतं, वयात आलं की जातं’ हे आपण ऐकलेलं असतं आणि बऱ्याच मुलांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पण काहींचा जात नाही आणि काहींना मोठेपणी सुरू होतो. अशा प्रौढांची फरफट ठरलेली असते. आधी मेडिकलवाल्याला विचारून आणलेलं मलम. त्यात बऱ्याचदा जोरदार स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेलं असतं. दोन दिवसांत कातडी छान दिसते, मलम थांबवलं की दुप्पट उसळतं. मग त्वचारोगतज्ज्ञ, मॉइश्चरायझर, योग्य ताकदीचं स्टिरॉइड मलम, स्टिरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस मलम. तेवढ्यानं भागलं नाही तर पोटातून सायक्लोस्पोरिन, मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन. ही औषधं काम करतात, पण ती सबंध प्रतिकारशक्तीलाच लगाम घालतात. त्यामुळे रक्ताच्या तपासण्या, रक्तदाब, किडनी आणि लिव्हरवर सतत लक्ष ठेवावं लागतं. नव्या इंजेक्शनची गरज या टप्प्यावरच्या माणसाला आहे. मॉइश्चरायझर आणि मलमावर ज्याचा इसब आटोक्यात राहतो, त्याला नाही.

शरीरात काय घडतं तेही थोडक्यात बघू. काही लोकांच्या कातडीचा सगळ्यात वरचा थर जन्मतःच कमकुवत असतो. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की फिलाग्रिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असला तर इसब होण्याची शक्यता बरीच वाढते. थर कमकुवत असला की ओलावा बाहेर जातो आणि धूळ, जंतू, साबण आत शिरतात. प्रतिकारशक्तीच्या पेशी खवळतात आणि इंटरल्युकिन ४ आणि इंटरल्युकिन १३ नावाचे दोन निरोपे सोडतात. हे निरोपे सूज आणतात, खाजेच्या नसा चेतवतात आणि वर फिलाग्रिन आणखी कमी करतात. म्हणजे भिंत आणखी ढासळते, आणखी जंतू आत, आणखी निरोपे.

डुपिलुमाब या दोघांना एकाच जागी अडवतं. सोसायटीत महापालिकेचं आणि बोअरचं अशी दोन पाणी येतात, पण टाकीत पडण्याआधी दोन्ही पाईप एकाच कॉकमधून जात असतील, तर तो एक कॉक फिरवला की दोन्हीकडचं पाणी थांबतं. पेशीच्या अंगावर इंटरल्युकिन ४ आणि १३ ज्या ग्राहकावर (निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, म्हणजे रिसेप्टरवर) बसतात, त्याचा एक भाग दोघांना सामाईक आहे. औषध जाऊन त्या सामाईक भागावरच बसतं.

हे औषध म्हणजे एक अँटिबॉडी, म्हणजे प्रथिन आहे. गोळी करून गिळलं तर पोट ते डाळीतल्या प्रथिनासारखंच पचवून टाकेल. म्हणून सुई. ती इन्सुलिनसारखी कातडीखाली, मांडीत किंवा पोटावर घ्यायची असते. अमेरिकेतल्या रिजेनेरॉन कंपनीनं हे औषध शोधलं आणि सनोफीबरोबर ते पुढे नेलं. अँटिबॉडी बनवणारी जनुकं काही अंशी माणसाची असलेले उंदीर रिजेनेरॉननं तयार केले होते. त्यामुळे उंदराच्या शरीरात तयार झालेली अँटिबॉडी माणसाच्या शरीराला फारशी परकी वाटत नाही.

पहिला माणूस, पहिला डोस

प्राण्यांमध्ये ठीक वाटलेलं औषध माणसाला पहिल्यांदा देताना किती जपावं लागतं, हे २००६ च्या मार्च महिन्यात लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये सगळ्या जगाला कळलं. टीजीएन १४१२ नावाची एक अँटिबॉडी सहा धडधाकट तरुणांना दिली गेली. प्राण्यांना सोसलेल्या डोसच्या पाचशेव्या भागाएवढीच मात्रा होती. पण ती सहाही जणांना थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतरानं, एकापाठोपाठ एक दिली. पहिल्याला काय होतंय हे कळायच्या आत शेवटच्याच्या शिरेत औषध गेलेलं होतं. दीड तासाच्या आत सगळ्यांना त्रास सुरू झाला आणि पुढे त्यांचे अवयव निकामी होऊ लागले. सहाही जण वाचले, पण आयसीयूतून. औषधाऐवजी खोटी मात्रा मिळालेले आणखी दोघे मात्र ठणठणीत होते.

डुपिलुमाबचा या प्रकरणाशी संबंध नाही. तरी हे सांगतोय, कारण आज कुठल्याही नव्या अँटिबॉडीच्या पहिल्या चाचणीत जी सावधगिरी दिसते ती तिथून आलेली आहे. आधी एकालाच द्यायचं, थांबायचं, त्याच्यावर लक्ष ठेवायचं, मगच पुढचा. डोस अगदी थोड्यापासून सुरू करून पायरी पायरीनं वाढवायचा. या पहिल्या टप्प्यात औषधाचा गुण येतो का हा प्रश्नच नसतो. माणसाला ते सोसतं का आणि अंगात किती दिवस टिकतं, एवढंच बघायचं असतं.

दुसऱ्या टप्प्यात पेशंट येतात. २०१४ मध्ये डुपिलुमाबच्या सुरुवातीच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यातल्या एकीत १०९ प्रौढ होते. निम्म्यांना १२ आठवडे दर आठवड्याला ३०० मिलिग्रॅम औषध, निम्म्यांना खोटी सुई. इसब निम्म्यानं तरी कमी झालेले लोक औषधाच्या गटात १०० त ८५, खोट्या सुईच्या गटात ३५. हा फरक ५० चा. सुरुवातीच्या त्या १७ शी ताडून बघा. तिथे दोन्ही गटांत मलम होतं आणि इथे नव्हतं, हे खरं. तरीही ५० चा फरक केवळ नशिबानं पडत नाही. त्यानंतर जवळपास ३८० जणांवर वेगवेगळे डोस लावून पाहिले: १००, २००, ३०० मिलिग्रॅम; आठवड्याला, दोन आठवड्यांनी, चार आठवड्यांनी. सगळ्यात कमी डोसनं गुण कमी आला, वरच्या डोसनं जास्त. डोस वाढला की गुण वाढतो, हाही औषध खरंच काम करतंय याचा एक पुरावाच असतो.

इसब मोजतात कसा

ताप थर्मामीटरनं मोजता येतो, साखर रक्तात मोजता येते. कातडीचं काय करायचं? चाचणीतल्या एका तपासणीत हे कसं होतं ते जवळून बघण्यासारखं आहे.

पेशंट कपडे बदलून गाऊन घालून बसतो. डॉक्टर अंगाचे चार भाग करतात: डोकं आणि मान, हात, धड, पाय. प्रत्येक भागात चार गोष्टी बघायच्या: लाली, सूज किंवा फुगवटा, खाजवल्याचे ओरखडे, आणि कातडी जाड होऊन रेषा ठळक दिसणं. प्रत्येकीला ० ते ३ गुण. डॉक्टर कातडी चिमटीत धरून जाडी बघतात, उजेडात हात फिरवून फुगवटा जोखतात. मग त्या भागातली किती कातडी बिघडलेली आहे याला ० ते ६ गुण.

समजा एका बाईंच्या पायांवर लाली २, सूज २, ओरखडे ३, जाडी २. बेरीज ९. पायांची साधारण ४० टक्के कातडी बिघडलेली आहे, त्याचे गुण ३. नऊ त्रिक सत्तावीस. मोठ्या माणसाच्या अंगावर पायांचा वाटा ४० टक्के धरतात, म्हणून २७ ला ०.४ नं गुणायचं: १०.८. असंच हातांचं (वाटा २० टक्के), धडाचं (३० टक्के) आणि डोक्यामानेचं (१० टक्के) काढून चारही आकडे मिळवायचे. जास्तीत जास्त बेरीज ७२ होते. या मोजणीला इझी स्कोअर म्हणतात. सोळा आठवड्यांनी तोच आकडा पुन्हा काढायचा. पंचाहत्तर टक्क्यांनी उतरला असेल तर ‘इझी ७५’ गाठला.

दुसरं माप त्याहून साधं असतं. सगळ्या अंगाकडे बघून डॉक्टर ० ते ४ मधला एक आकडा देतात. ० म्हणजे कातडी स्वच्छ, १ म्हणजे जवळपास स्वच्छ. तिसरं माप खाजेचं, आणि ते पेशंट स्वतः देतो. गेल्या चोवीस तासांतली सगळ्यात वाईट खाज, ० ते १० मध्ये किती? निदान ४ अंकांची घट झाली तर ती अर्थपूर्ण मानतात. मला विचाराल तर या तिघांत खाजेचा आकडा सर्वांत मोलाचा. डॉक्टरला कातडी महिन्यातून एक-दोनदा दिसते, खाज पेशंटसोबत रोज रात्री अंथरुणात असते.

या मोजणीत एक उणीव आहे आणि ती आपल्याला थेट लागू होते. लाली गोऱ्या कातडीवर लगेच दिसते. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर तीच सूज तपकिरी, करडी किंवा जांभळट दिसते. नवख्या डॉक्टरच्या नजरेतून ती निसटते आणि गुण कमी पडतात. म्हणजे तेवढाच तीव्र इसब असूनही सावळ्या माणसाचा आकडा लहान येऊ शकतो. डुपिलुमाबच्या मोठ्या चाचण्यांत बहुसंख्य लोक गोरे होते. आशियातले लोक होते, पण कमी. म्हणून आपल्याकडच्या कातडीवर, आपल्या डॉक्टरांनी केलेल्या मोजणीला वेगळं महत्त्व आहे.

एकसारख्या दोन मोठ्या चाचण्या

तिसऱ्या टप्प्यात सोलो १ आणि सोलो २ नावाच्या दोन चाचण्या झाल्या. त्यांचे निकाल २०१६ मध्ये आले. दोन्हींची आखणी सारखीच. पहिलीत ६७१ प्रौढ, दुसरीत ७०८. एकच मोठी चाचणी का केली नाही? एकदा लागलेला निकाल योगायोग असू शकतो. दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसांवर, तसंच्या तसं करून तेच उत्तर आलं तर खात्री वाढते. अमेरिकेच्या औषध खात्याची अपेक्षाही पूर्वापार अशीच होती.

लोकांचे तीन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, संगणकानं पाडले. पहिल्याला दर आठवड्याला औषध, दुसऱ्याला दोन आठवड्यांतून एकदा, तिसऱ्याला खोटी सुई. आता इथली एक बारीक गोष्ट बघा. दुसऱ्या गटातल्या माणसाला एका आठवड्याला सुई मिळाली आणि पुढच्याला नाही, तर तो कुठल्या गटात आहे हे त्याला लगेच कळलं असतं. म्हणून त्याच्या रिकाम्या आठवड्यात त्यालाही खोटी सुई दिली जायची. सगळ्यांना दर आठवड्याला टोचलं जात होतं, आणि कोणाच्या सिरिंजमध्ये काय आहे हे पेशंटला ठाऊक नव्हतं आणि कातडी मोजणाऱ्या डॉक्टरलाही नव्हतं. डॉक्टरला माहीत असतं तर? मनात कपट नसतानाही २ आणि ३ मध्ये अडखळलेला हात औषधवाल्याला २ देऊन मोकळा झाला असता.

मॉइश्चरायझर सगळ्यांनी रोज लावायचंच होतं. पण ज्यानं त्रास असह्य झाला म्हणून मधेच स्टिरॉइड घेतलं, त्याला हिशेबात नापास धरलं, मग त्याची कातडी शेवटी कितीही स्वच्छ झालेली असो. हा नियम कडक वाटतो, पण तो नसता तर स्टिरॉइडचा गुण इंजेक्शनच्या नावावर जमा झाला असता. चाचणी अर्धवट सोडून गेलेल्यांनाही नापासच धरलं.

सोळा आठवड्यांनी सोलो १ मध्ये कातडी स्वच्छ किंवा जवळपास स्वच्छ झालेले लोक असे होते: दोन आठवड्यांतून एकदा औषध, ३८ टक्के. दर आठवड्याला औषध, ३७ टक्के. खोटी सुई, १० टक्के. सोलो २ मध्ये ३६, ३६ आणि ८. खाज निदान ४ अंकांनी उतरलेले सोलो १ मध्ये दोन आठवड्यांच्या गटात ४१ टक्के, खोट्या सुईच्या गटात १२.

या आकड्यांतून मला तीन गोष्टी दिसतात. दुप्पट सुया टोचून काडीचाही फायदा झाला नाही. म्हणून मंजूर डोस ठरला तो सुरुवातीला ६०० मिलिग्रॅम आणि मग दोन आठवड्यांतून एकदा ३००. साप्ताहिक गट ठेवला नसता तर आज लोक विनाकारण दुप्पट सुया घेत असते. दुसरं, औषध मिळूनही १०० पैकी ६० च्या वर लोकांची कातडी ‘स्वच्छ’ या रेषेपर्यंत पोचली नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना चांगला आराम पडला, ७५ टक्क्यांची घट जवळपास निम्म्या लोकांनी गाठली, पण ‘इसब कायमचा गेला’ असं कुणी सांगत असेल तर या चाचण्या तसं म्हणत नाहीत. आणि तिसरी गोष्ट, ते १० टक्के.

औषधाशिवाय कुणाचा इसब कसा जातो? लोक ‘मनाचा परिणाम’ म्हणून मोकळे होतात. मन एक कारण असेल, पण त्याहून ठोस कारणं आहेत. इसब चढतो आणि उतरतो. माणूस चाचणीत नाव घालतो ते अगदी उसळलेला असताना. तीन-चार महिन्यांत तो आपोआपही थोडा खाली येतोच. शिवाय चाचणीत मॉइश्चरायझर नेमानं लावलं जातं, नर्स फोन करून आठवण करते, डॉक्टर दर वेळी नीट बघतात. घरी यातलं काही होत नव्हतं. एखाद्या गावठी लेपानं किंवा महागड्या तेलानं कुणाला ‘हमखास गुण’ आला असं ऐकलं, की मला हे १० टक्के आठवतात. त्या माणसाला खरंच गुण आलेला असतो. तो लेपामुळे आला की नाही, हे खोट्या लेपाचा गट नसताना सांगताच येत नाही.

वर्षभराचं आणि नंतरचं

सोळा आठवडे म्हणजे चार महिनेसुद्धा पुरते नाहीत. इसब वर्षानुवर्षांचा. म्हणून क्रोनोस नावाच्या चाचणीत ७४० जणांना वर्षभर बघितलं. तिचे निकाल २०१७ मध्ये आले. इथे खोट्या सुईवाल्यांनाही स्टिरॉइड मलम दिलेलं होतं. वर्षभर कुणाला नुसतं खाजवत ठेवणं माणुसकीला धरून झालं नसतं, आणि प्रत्यक्षातही लोक इंजेक्शनसोबत मलम वापरणारच.

या चाचण्यांत एक अनपेक्षित त्रास समोर आला: डोळे येणं. क्रोनोसमध्ये दोन आठवड्यांच्या गटात १४ टक्के, साप्ताहिक गटात १९ टक्के लोकांचे डोळे आले. खोट्या सुईच्या गटात ८ टक्के. हेच औषध दम्याच्या पेशंटना देऊन बघितलं तेव्हा असं वाढलेलं प्रमाण दिसलं नाही. म्हणजे इसबवाल्यांच्या डोळ्यांतच काहीतरी वेगळं असावं. बहुतेकांचं थेंबांनी भागलं, पण इंजेक्शन सुरू करणाऱ्यानं डोळे चुरचुरले तर अंगावर काढू नये. सुई टोचल्या जागी लाल होणं हा दुसरा नेहमीचा त्रास. औषध बाजारात आल्यावर काहींना चेहरा आणि मान लाल होण्याचा त्रासही दिसू लागला. हजारभर माणसांच्या चाचणीत दुर्मीळ त्रास सापडतीलच असं नाही, म्हणून मंजुरीनंतरही नोंदी चालू ठेवाव्या लागतात.

मंजुरी २८ मार्च २०१७ ला मिळाली. त्या वेळी अमेरिकेतली छापील किंमत वर्षाला सुमारे ३७ हजार डॉलर होती. आपल्याकडे हे औषध येऊन पोचलं आहे, पण बहुतेक घरांच्या आवाक्यात नाही. सायक्लोस्पोरिन आणि मेथोट्रेक्सेटवरच आपले डॉक्टर बरंचसं निभावतात, ते यामुळेच.

त्यानंतर रांग लागली. ट्रालोकिनुमाब आणि लेब्रिकिझुमाब फक्त इंटरल्युकिन १३ ला धरतात, नेमोलिझुमाब खाजेशी थेट संबंध असलेल्या इंटरल्युकिन ३१ च्या वाटेत उभं राहतं. वेगवेगळ्या चाचण्यांतले आकडे एका रांगेत मांडून ‘हे चांगलं, ते वाईट’ ठरवायचा मोह होतो. ट्रालोकिनुमाबच्या पहिल्या मोठ्या चाचणीत कातडी स्वच्छ किंवा जवळपास स्वच्छ झालेले १६ टक्के, खोट्या सुईत ७. नेमोलिझुमाबच्या एका मोठ्या चाचणीत औषधाच्या गटात ३६ आणि खोट्या सुईत तब्बल २५, कारण सगळे मलमही लावत होते. पण क्रोनोसमध्येही सगळ्यांना मलम होतं आणि तिथे सोळा आठवड्यांना खोट्या सुईचा आकडा १२ होता. पेशंट वेगळे, देश वेगळे, मलमाचे आणि नापास धरण्याचे नियम वेगळे. दोन औषधांत सरस कोणतं हे ठरवायचं तर दोन्ही एकाच चाचणीत, एकमेकांसमोर ठेवूनच बघावी लागतात.

तुम्हाला कुणी चाचणीत बोलावलं तर

मुंबई-पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांत अशा चाचण्या होत असतात आणि त्वचारोगतज्ज्ञ एखाद्या पेशंटला विचारतातही. घरातून पहिली प्रतिक्रिया येते, ‘तू काय उंदीर आहेस का?’ भीती अगदीच निराधार नाही. आपल्याकडे पूर्वी लोकांना पुरतं न सांगता चाचण्या झाल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. त्यानंतर नियम आवळले गेले आणि २०१९ मध्ये नवी नियमावली आली. एथिक्स कमिटीच्या, म्हणजे चाचणीतल्या माणसांचं हित जपणाऱ्या समितीच्या, परवानगीशिवाय चाचणी सुरू होत नाही आणि त्या कमिटीत डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी व्यक्ती आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट मिळाले पाहिजेत, भरपाईही मिळाली पाहिजे. आणि कुठल्याही क्षणी, कारण न देता, बाहेर पडता येतं. बाहेर पडलात म्हणून तुमचे नेहमीचे उपचार कुणाला बंद करता येत नाहीत.

संमतीपत्रक तुमच्या भाषेत मिळायला हवं. मराठी प्रत मागा, घरी न्या, चार दिवस वाचा. ‘इथे सही करा, बाकी फॉर्मॅलिटी आहे’ असं कुणी म्हणालं तर सही करू नका. चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया या सरकारी संकेतस्थळावर असते. २००९ पासून ती सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि स्वतः बघा: कुठल्या हॉस्पिटलांत चालू आहे, किती माणसं घेणार आहेत, यश कशाला म्हणायचं हे आधीच लिहून ठेवलंय का. सुरुवातीला लिहिलेली फुटपट्टी शेवटी बदलली तर ती इथे पकडता येते.

मग डॉक्टरांना विचारा. खोटी सुई मिळण्याची शक्यता किती? त्या काळात खाज असह्य झाली तर मला काय देणार? आत्ता चालू असलेलं औषध किती आठवडे आधी बंद करायचं, आणि तेवढ्यात इसब उसळला तर? गरोदर राहायचा विचार असेल तर तो आधीच बोला. येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, बुडालेल्या दिवसाचं काय?

आणि एक प्रश्न लोक विचारायचे विसरतात. चाचणी संपली, मला औषधाचा गुण आला होता, तर पुढे ते मिळणार का? डुपिलुमाबच्या चाचण्या संपल्यावर अनेकांना पुढच्या अभ्यासात सामील होऊन खरं औषध घेता आलं होतं. आपल्या २०१९ च्या नियमांत चाचणीनंतर औषध मोफत देण्याची तरतूद आहे, पण अटी घालून: चाचणीच्या डॉक्टरनं शिफारस करायला हवी, एथिक्स कमिटीनं ती मान्य करायला हवी, आणि पेशंटसाठी दुसरा पर्यायी उपचार उपलब्ध नसावा. इसबात दुसरे पर्याय असतात, त्यामुळे ही अट अडू शकते. कंपनी पुढे काय देणार आहे, किती महिने देणार आहे, हे संमतीपत्रकात छापलेलं आहे का ते सही करण्याआधी बघा. नुसतं तोंडी सांगितलं असेल तर तेवढ्यावर भरवसा न ठेवता ते लिहून मागा.